फरशीवरचे थेंब

बारमधल्या चकचकीत फरशीवर बियरचे तीन थेंब पडले होते आणि ते जिरत नव्हते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवून ते शिंपडले होते. आमच्यात पूर्वजांना दिल्याशिवाय कुणी पीत नाही.

माझी आवडती झेक बियर मी त्यांच्यासाठी मागवली होती. बेल्जियमची मला गोड वाटते, जर्मनांची गव्हाची पोटाला जड होते. ही मात्र स्वच्छ कडू आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ही आवड मी स्वतःच्या कमाईवर जोपासली आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. बापाला एकदा तरी आपल्या पसंतीचं पाजावं, एवढीच इच्छा होती.

अण्णा खालीच बघत राहिले. गावी शेणानं सारवलेल्या जमिनीत थेंब लगेच मुरतो. मुरला म्हणजे आजोबा प्याले. इथे तेवढ्यात वेटर आला आणि त्यानं फडकं फिरवलं.

"झालं! तुझ्या आज्याचं तोंडच पुसलं की त्यानं," अण्णा हसले. मग ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तूच पी बाबा. त्यांना पोचली न्हाई, तर मी कशी घेऊ?"

फेस हळूहळू बसत गेला. मी विचार करत राहिलो, उद्या अण्णा गेल्यावर त्यांना मी कुठे देणार? माझं घर सातव्या मजल्यावर आहे. तिथे पायाखाली माती नाही, दुसऱ्या कुणाचं तरी छत आहे.