निळ्या चित्रात हरवलेला कोट

दादाचा फोन आला तेव्हा मी दुबईच्या जबल अली बंदरातल्या ऑफिसात एका कंटेनरवरून कुणाशी तरी हिंदीत भांडत होतो. कंटेनर मोम्बासाला जायचा होता आणि कराचीला जाऊन बसला होता. दुसऱ्या फोनवर दादा म्हणाला, "कुंदा गेली रे." शाळेतून आली, जेवली, जरा पडते म्हणाली... चार वाजता चहासाठी उठवायला गेलो तर उठली नाही. एवढंच सांगितलं. माझ्या एका कानात दादाची शांतता आणि दुसऱ्या कानात तो कंटेनरवाला. मी त्याला "खलास" म्हणालो आणि दोन्ही फोन ठेवले.

दादाच्या गावाचा, अल ऐनचा रस्ता मी अठरा वर्षं तुडवतो आहे. दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच उंटांसाठी घातलेलं कुंपण, बाकी काही नाही. त्या दिवशी तो संपता संपेना. कुंदावहिनींना पुण्याला न्यायचं ठरलं. विमानाने नेताना माणूस प्रवासी म्हणून जात नाही, कार्गो म्हणून जातो, हे घरात फक्त मलाच ठाऊक होतं, कारण माझं पोटच त्या कागदांवर चालतं. सगळे फॉर्म मीच भरले. त्यात 'मालाचं वर्णन' असा एक रकाना असतो. एरवी या रकान्यावर मी दहा मिनिटांचा कार्यक्रम केला असता, आणि सगळ्यात मोठ्याने वहिनीच हसल्या असत्या. त्या दिवशी पेन हातात धरून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. काउंटरवरच्या केरळी मुलाने शेवटी कागद माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच लिहिलं. त्याचे मी अजून आभारही मानलेले नाहीत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. अल ऐनच्या एका भारतीय शाळेत त्या ड्रॉइंग शिकवायच्या, शेवटच्या दिवसापर्यंत. दादा तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आम्ही उभयता दुबईत. दर दुसऱ्या शुक्रवारी मी आणि माझी बायको मंजू त्यांच्याकडे जेवायला, आणि जेवण झालं की मी काहीतरी नक्कल करून दाखवायची, हा वर्षानुवर्षांचा करार. वहिनी दिसायला बारीक, बोलायला कडक. मुलं इंग्रजीत बोलायची, त्या मराठी वळणाच्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या आणि कुणाची हसायची हिंमत व्हायची नाही. "चुकलं" हा शब्द त्या दिवसातून शंभरदा म्हणत, पण स्वतःबद्दल म्हणालेल्या मी अठरा वर्षांत ऐकल्या नव्हत्या. भाजीत मीठ जास्त पडलं तर मीठच खारट होतं.

त्यांच्या वर्गात भिंतीवर एक चित्र होतं. कुठल्याशा रंगकंपनीच्या कॅलेंडरचं पान, पण वहिनींनी आल्या त्याच वर्षी ते काचेत घालून घेतलेलं. जुन्या डच चित्रकाराचं चित्र. दाराजवळ एक बाई मटार सोलत बसली आहे, पायाशी परडी, मागे भिंत, भिंतीला खुंट्या. आठवीच्या मुलांना चित्र कसं बघायचं हे त्या त्याच्यावरून शिकवायच्या. चित्र निळं होतं. बाई निळी, भिंत निळी, मटारसुद्धा निळसर. वहिनी सांगायच्या की तिचा नवरा समुद्रावर गेलेला आहे, परतलेला नाही, म्हणून चित्रकाराने घरभर हा थंड निळा पसरवला आहे. दरवर्षी परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला, व्हाय हॅज द आर्टिस्ट यूज्ड ब्लू. मी एकदा त्यांच्या तासाला मागे बसलो होतो, थट्टा करायला म्हणून. त्या बोलत होत्या आणि वर्ग चिडीचूप. अर्ध्या मुलांचे वडील कुठेतरी लांब, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर, नाहीतर वाळवंटातल्या साइटवर. मी थट्टा न करताच बाहेर आलो. हे असं फार वेळा होत नाही.

नव्याण्णव सालच्या सुट्टीत आम्ही चौघं ॲमस्टरडॅमला गेलो. चार रात्रींचं पॅकेज. मूळ चित्र तिथल्या म्युझियममध्ये आहे असं वहिनींनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून हे गाव. पण नुसतं तेवढंच बघून परत येणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. पहिल्या दिवशी दोन म्युझियम आणि एक गॅलरी, दुसऱ्या दिवशी तीन. सकाळी साडेनऊला हॉटेलच्या दारात त्या पर्स आडवी लटकवून उभ्या, आणि आम्ही शाळेच्या सहलीसारखे मागून. युरोपातल्या कलेबद्दल मला विचारू नका, पण तिथल्या बाकांबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. कातडी बाक बसायला उत्तम, पण तो नेहमी सगळ्यात कंटाळवाण्या चित्रासमोर असतो. लाकडी बाकाला पाठ नसते. आणि ज्या दालनात खरोखर पाय तुटायला आलेले असतात, तिथे बाकच नसतो, फक्त पहारेकऱ्याची खुर्ची असते आणि तीवर पहारेकरी बसलेला असतो. तिसऱ्या दिवशी दादाने बूट काढून पाय दाखवले. मंजू म्हणाली की तिला आता लाल गालांची म्हातारी माणसं स्वप्नात दिसतात. ती दोघं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन कालव्यातल्या बोटीत बसायला गेली. वहिनींना नकाशा वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर मी.

तेच ते मोठं म्युझियम. दोन तास झाले तरी चित्र सापडेना. वहिनी दालनामागून दालनं अशी तपासत होत्या, जणू हजेरी घेत होत्या. मला एक बाक मिळाला तसा मी बसकण मारली. वहिनी समोरच्या भिंतीजवळून सरळ चालत पुढच्या दालनात गेल्या. मी मान वर केली आणि समोर ती बाई. तीच परडी, तेच दार. मी हाक मारली, "वहिनी, ही तुमचीच ना?" त्या परत आल्या, लांबूनच बघून म्हणाल्या, "छे हो, भावजी. ही कुणीतरी केलेली कॉपी." मग चष्मा बदलून खालची पाटी वाचली. पुन्हा वाचली.

चित्रात निळं जवळपास काही नव्हतं. सगळं घर दुपारच्या उन्हाने भरलेलं, पिवळं, तांबूस. बाईचे गाल लाल. आणि ती, आता अगदी स्पष्ट दिसत होतं, हसत होती... हातात मटार, आणि नुकतंच कुणीतरी आतल्या खोलीतून काही बोललं असावं तसं. मागच्या भिंतीवर खुंटीला एक मोठा लालभडक पुरुषी कोट टांगलेला. वहिनींच्या चित्रात ती खुंटी होती, कोट नव्हता. काय झालं असेल ते मला लगेच कळलं, कारण ते कळणं हा माझा धंदाच आहे. आमच्या यार्डात छापील खोकी उन्हात राहिली की लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, शेवटी फक्त निळा उरतो. मुलाबाळांचे फोटो छापलेले बिस्किटांचे पुडे मी निळेशार झालेले पाहिले आहेत. वहिनींच्या वर्गाची खिडकी पश्चिमेला होती आणि चित्र बरोबर तिच्यासमोर. इतकं हळूहळू उडत गेलं की रोज बघणाऱ्याला दिसलंच नाही. हे सगळं मी त्यांना तिथेच, उभ्या उभ्या, अगदी यार्डच्या भाषेत सांगितलं.

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या कोटाकडे बघत होत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "नवरा घरात आहे हो."

मला गप्प बसता येत नाही, ते माझ्या रक्तात नाही. मी म्हणालो, "म्हणजे वहिनी, चौदा बॅच नापास." त्या हसल्या नाहीत. बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि म्युझियम बंद व्हायची घंटा होईपर्यंत बसून राहिल्या. मध्ये एकदा इतकंच म्हणाल्या की त्यातली निम्मी मुलं आता कुठे असतील तेसुद्धा माहीत नाही, आणि मी त्यांना शिकवलं की ती बाई दुःखी आहे. मी म्हटलं, सोडा हो, कुणाच्या लक्षात आहे. तेव्हा माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी माझ्या बुटांच्या नाड्या तपासायला लागलो. ट्रामने परत येताना म्हणाल्या, हे घरी कुणाला सांगू नका.

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवताना, साभिनय. वहिनींचं "कुणीतरी केलेली कॉपी", चष्मा बदलणं, माझी यार्डची भाषा, सगळं. दादाला ठसका लागला. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण त्या वर्षी दुबईतल्या गणेशोत्सवात मी हेच स्टेजवरून केलं. तीनशे माणसं हसली. वहिनी दुसऱ्या रांगेत होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नंतर लोक आग्रह करू लागले, ते निळं चित्र करा ना, आणि मी करत राहिलो, दरवर्षी थोडा मीठमसाला वाढवत. गाडीत मंजू एकदाच म्हणाली, "तुम्हाला त्या खरंच हसताना दिसतात का?" मी रेडिओ लावला.

आता खरं सांगायचं तर माझा मलाच कंटाळा आला आहे. पुण्याला तेराव्यापर्यंत जो भेटायला येई तो मला बाजूला घेऊन म्हणे, तुम्ही त्यांचं ते चित्राचं फार छान करायचात. जणू त्या बाईंनी आयुष्यात एवढंच केलं होतं, चुकीचं चित्र शिकवणं. आणि तसं लोकांना वाटायला कारण मी.

मागच्या आठवड्यात दादाबरोबर त्यांच्या वर्गात गेलो, कपाट रिकामं करून द्यायचं होतं. भिंतीवर चित्र नव्हतं. त्यांच्यानंतरच्या तरुण बाईंनी सांगितलं की मिसनी ते चार वर्षांपूर्वीच, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आठवीसमोर उतरवलं आणि मुलांना सांगितलं, आय वॉज राँग. कपाटात ब्रशांच्या डब्यामागे बुटांचं एक खोकं निघालं. त्यात पत्रं. कॅनडा, बंगळूर, शारजा, लंडन, कोची. वाचता वाचता उलगडा झाला. वहिनींनी म्युझियमच्या दुकानातून त्या चित्राची पोस्टकार्डं मागवली होती, गठ्ठ्याने. शाळेची जुनी रजिस्टरं काढून, आईवडिलांकडून पत्ते मिळवून, सापडेल त्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी एक कार्ड पाठवलं होतं. एक कार्ड पत्ता चुकून परत आलं होतं, म्हणून मजकूर आम्हाला कळला. इंग्रजीत चार ओळी. मी तुम्हाला हे चित्र चुकीचं शिकवलं. मूळ रंग असे आहेत. ती सुखी आहे. तुमची कुंदा मिस.

आणि ही सगळी उत्तरं. बहुतेक इकडचं तिकडचं, लग्न झालं, नोकरी लागली. एका मुलीने लिहिलं होतं की तेव्हा तिचे बाबा दोन वर्षं घरी आले नव्हते आणि तिला ते निळंच बरोबर वाटलं होतं, तरी कार्ड तिने स्वयंपाकघरात लावलं आहे. एका मुलाने लिहिलं होतं की मिस, मी तेव्हा उत्तरात लिहिलं होतं की बाई हसते आहे, तुम्ही मला दहापैकी दोन दिलेत, माझे आठ मार्क कधी मिळणार? त्या पत्राच्या कोपऱ्यात वहिनींच्या लाल पेनाने लिहिलेलं होतं, दिले, कळवले. खाली तारीख आणि सही. दादा हे वाचून खाली, मुलांच्या त्या बुटक्या स्टुलावर बसला. चार वर्षं ही बाई रोज त्याच्यासमोर बसून जेवत होती आणि त्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं. का सांगितलं नसेल, असं तो मला विचारत होता. मला माहीत होतं. सांगितलं असतं तर मी त्याचाही कार्यक्रम केला असता.

खोक्याच्या तळाशी यादी होती. चौदा वर्षांची सगळी नावं, ज्याला कार्ड पोचलं त्याच्यापुढे बरोबरची खूण. अकरा नावं खुणेविना. पत्ता नाही, नाहीतर उत्तर नाही. ती यादी मी दादाकडून मागून घेतली. हरवलेला माल शोधणं मला येतं, आणि दुसरं काही द्यायला माझ्याकडे नाही.

आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसचं दार लावून फोन करतो. परवा पहिला लागला. ठाण्याला, त्या मुलाची आई. आधी कुंदा मिस गेल्याचं सांगितलं. मग मी चित्राचं सांगितलं. हातवारे नाहीत, आवाज काढणं नाही. किती छोटी गोष्ट आहे ती, अशी सांगितली तर. दोन मिनिटांत संपली. बाई म्हणाल्या, तो रविवारी फोन करतो अमेरिकेतून, सांगते त्याला. फोन ठेवून मी त्याच्या नावापुढे खूण केली. वहिनींची खूण मोठी असे, लांब शेपटीची, खालच्या ओळीत घुसणारी. माझी आखूड आली.

दहा नावं राहिली आहेत, त्यांतली चार मराठी आहेत. ती इथे छापणं वहिनींना आवडलं नसतं, वर्गातल्या गोष्टी त्या वर्गाबाहेर नेत नसत. पण तुमचं मूल आठवीत अल ऐनला होतं आणि दाराजवळ मटार सोलणाऱ्या एका निळ्या बाईवर त्याने कधी उत्तर लिहिलं असेल, तर आज फोनवर त्याला एवढं सांगा. मागच्या खुंटीवर कोट आहे, लाल आहे, मिसनी स्वतः जाऊन पाहिला.