सेंटरची तपासणी आणि तुरीच्या शेंगा

चहा आधी संपवा, मग सांगते. नाहीतर मधेच ठसका लागायचा आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. एक आधीच फुटलंय, तेच सांगायला बसलेय.

तर आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला. उजवं अंग गेलं. उजवा हात तर नुसता लोंबता. बोलणंही गेलं. 'पाणी', 'नको', 'हो' असे सुटे शब्द तेवढे यायचे. ज्या बाईच्या एका हाकेनं खुलताबादला शेतातली वानरं पळायची, तिच्या तोंडून नुसतं 'पाणी'. मला लई वाईट वाटायचं. अहो, भांडायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं!

मी सेवा केली. कशी केली ते विचारूच नका. घास मी भरवायची, तोंड मी पुसायची, वेणी मी घालायची. त्यांनी डाव्या हातानं पेला धरायला घेतला तरी मी झडप घालून काढून घ्यायची. "राहू द्या आत्याबाई, मी हाय ना!" औरंगपुऱ्यात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या बायका आधी माझं कौतुक करायच्या आणि मग पिशवीतनं साडी काढायच्या. सून असावी तर अशी, असं माझ्या कानानं ऐकलंय मी.

पण महिने गेले तरी हात काही हलेना. डॉक्टर म्हणाले, हर्सूलकडं एक सेंटर आहे, अशा आजारी म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, व्यायाम करून घेतात, थोडे दिवस तिथं ठेवून बघा. ठेवलं.

आता तुम्हीच सांगा, 'सून सासूला ठेवून आली' हे आपल्याकडं कसं ऐकू येतं? त्याच्या पुढचं कुणी ऐकतं का? डॉक्टर, व्यायाम सगळं हवेत विरतं, 'ठेवून आली' तेवढं शिल्लक राहतं. माझी नणंद मंगल सिडकोत राहते. तिला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं." त्या 'बरं'नं माझी झोप उडाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग मी ठरवलं, त्या सेंटरच्या कारभारावर असं लक्ष ठेवायचं की उद्या कुणी बोट दाखवायला नको. माझ्या माहेरी एक शिस्त होती. पोरगी द्यायची तर त्या घरी सांगून जायचंच नाही. सांगून गेलं की पोहे मिळतात, न सांगता गेलं की घर दिसतं. माझ्या वडिलांनी एक चांगलं नोकरीवालं स्थळ नुसती मोरी बघून मोडलं होतं. मी तीच शिस्त चालवली. आज सकाळी, परवा दुपारी, कधी दुकान बंद करून, स्कूटी काढायची आणि धाडकन जाऊन उभं राहायचं.

काय काय तपासलं म्हणता? खिडकीच्या गजावर बोट फिरवून धूळ बघितली. चादरीचा वास घेतला. संडासात बादली आहे का, बादलीला कान आहे का, ते बघितलं. एकदा तर एका आजोबांच्या ताटातलं वरण चाखलं. ते बिचारे म्हणाले, "बाई, भूक लागली असंल तर ताट वाढून घ्या ना." तिथल्या मोठ्या सिस्टर दर वेळी माझ्या मागं मागं यायच्या, ताई जरा बसा, आजींबद्दल बोलायचंय म्हणायच्या. मला कुठं वेळ? मी जिना तपासत असायची. आणि मनात म्हणायची, ही मला बोलण्यात गुंतवतेय, म्हणजे नक्की काहीतरी झाकतेय.

आणि एका दुपारी सापडलंच की हो!

व्हरांड्यात खुर्चीवर आमच्या आत्याबाई. पुढं टेबलावर सूप, सुपात तुरीच्या शेंगांचा ढीग, आणि आत्याबाई शेंगा सोलतायत. आजारी बाई, घरची थोरली, जिला मी पेला उचलू दिला नाही, तिला ह्यांनी स्वैपाकघरातल्या कामाला लावलं होतं. माझं डोकंच फिरलं. पण पुरावा पाहिजे ना. दाराआड उभी राहून मोबाईल काढला आणि चांगलं जवळ करून शूटिंग घेतलं. लिहीत बसायला धीर कुठला? व्हिडिओ तसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकला आणि आत घुसले.

"उठा आत्याबाई, घरी चला," म्हणत सूप ओढलं. तर त्या ते सोडेनात! मी ओढतेय, त्या ओढतायत. शेंगा व्हरांडाभर. मला तर रडूच कोसळलं. म्हटलं, किती धाक घातला असेल ह्यांनी, की काम सोडायचीही भीती वाटावी.

सिस्टर धावत आल्या. मी त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. तुम्हाला आई नाही का, इथपासून सुरुवात केली आणि कुठवर गेले ते आता सांगत नाही. त्यांनी चहा मागवला, मी नको म्हटलं. आपल्याकडं कुणाच्या दारात बसून चहा नाकारायचा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. मी आत्याबाईंची बॅग भरली, व्हरांड्यात आणून ठेवली आणि तिच्यावर बसले. "आता माझी माणसं येतायत," म्हटलं, "मग बघते."

माणसं खरंच येत होती. मंगलचा फोन आला, ती हुंदके देत होती. "वहिनी, व्हिडिओ बघितला... मी निघाले." पुढं बोलताच येईना तिला. म्हटलं ये बाई, ये. खुलताबादहून धाकट्या दिराचा, दत्ताभाऊजींचा फोन. गाडी काढलीय म्हणाले, आवाज भरून आलेला. वाळूजहून आमच्या ह्यांचा फोन, हाफ डे टाकून येतो. मी सिस्टरकडं असं बघितलं, की आता तुमची काही खैर नाही.

खरं सांगू? वरून ताठ बसले होते, आतून भ्याले होते. सगळे येणार आणि म्हणणार, हिनंच ठेवलं होतं तिथं. आत्याबाईंचे हाल झाले ते हिच्यामुळं. इतक्या महिन्यांची सेवा एका दुपारी मातीत जाणार होती. म्हणून तर एवढं ओरडत होते मी.

पहिली मंगल आली. मी उठून हात पसरले. ती माझ्या बाजूनं तशीच पुढं गेली आणि आत्याबाईंच्या पायाशी बसली. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, गालाला लावला आणि ढसाढसा रडली. मागोमाग हे आले, तेही तिथंच. मग दत्ताभाऊजी आले, भद्रा मारुतीचा प्रसाद घेऊन. मला कळेना, भांडायला निघालेला माणूस वाटेत नारळ कशाला फोडतो?

"नवस होता वहिनी," भाऊजी म्हणाले. "आईचा हात हलला की नारळ फोडीन म्हणून. तुमचा व्हिडिओ बघितला आणि आधी मारुतीकडं गेलो."

मी घाईघाईनं मोबाईल काढला आणि माझाच व्हिडिओ पहिल्यांदा नीट बघितला. चांगला जवळून घेतला होता हो मी. डाव्या हातात शेंग धरलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा, तो मेलेला अंगठा, हळूहळू शेंग फोडत होता. दाणा निसटला तर पुन्हा शोधत होता. ओढाओढीत सूपही त्यांनी त्याच हातानं धरलं होतं. सगळ्या घराला दिसलं ते. फक्त जी शूटिंग करत होती तिला दिसलं नाही.

सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हाच व्यायाम आहे त्यांचा. शेंगा त्यांनीच मागून घेतल्या. हेच सांगायला मी दर वेळी तुमच्या मागं येत होते, तुम्ही संडास बघत होतात."

मी खाली बघितलं. बादलीचा कान बघितला, गजाची धूळ बघितली, आणि ज्या माणसासाठी हे सगळं, त्या माणसाचा हात बघितला नाही. आणि घरी? घरी तो हात हलायचा तरी कसा? मी हलू दिला असता तर ना. मी त्यांची सेवा करत होते की माझ्या नावाची, हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं.

इथं मी गप्प बसले असते तर किस्सा संपला असता. पण दत्ताभाऊजी भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "वहिनी, काय नजर हाय तुमची! आम्ही समोर असतो तरी ध्यानात आलं नसतं. तुम्ही बरोबर हातच टिपला." मंगलनं तर मला मिठी मारली. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, की काय सांगू! ती 'बरं' म्हणणारी मंगल! सोडवेल का हो तो मोह?

मी पदर सावरला आणि म्हटलं, "व्हय, मला आल्या आल्या दिसला ना. म्हणून तर पाठवला."

सिस्टर बिचाऱ्या वाकून सांडलेल्या शेंगा वेचायला लागल्या. बोलल्या त्या आत्याबाई. आधी ओठ हलले, मान हलली, मग सावकाश शब्द बाहेर आले.

"खोटं बोलती," त्या म्हणाल्या. दम घेतला. "भांडत व्हती."

लकवा मारल्यापासून आत्याबाईंचं ते पहिलं सलग वाक्य. सगळं घर पुन्हा रडायला लागलं, आई बोलली, आई बोलली! मीही रडले. आनंदानं रडले की लाजेनं, देव जाणे.

आणि मंगल वेडी, डोळे पुसत म्हणते कशी, "आई, एकदा परत म्हण ना गं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि परत म्हटलं. ह्या वेळी दम न घेता.