तव्यावरचं पाणी

इंगळे मॅडम आमच्या गावच्या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांनी आधी हापशीचं पाणी चाखलं. घोट तोंडात धरून, डोळे मिटून बराच वेळ उभ्या. पोरं हसली. संग्रामपूरकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी तोंडात कुणी धरत नाही. गिळून मोकळं होतात.

मॅडम मेहकरकडच्या, गोड्या पाण्याच्या. शिकवायला त्यांना प्रयोगशाळा लागत नसे. साबणाचा चुरा बाटलीत घालून हलवायचा आणि फेस बोटांनी मोजायचा. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं. शाळेत खिचडी शिजते त्या चुलीवर तवा ठेवून चमचाभर पाणी आटवायचं. आच मात्र मंद. "घाई केली का पानी नुसतं नाचते, सांगत काईच नाही," असं त्या म्हणत. पोरांनी उत्तर विचारलं की म्हणत, "मले काऊन विचारता? पान्याले विचारा."

एकदा त्यांनी प्रत्येकाला घरचं पिण्याचं पाणी आणायला सांगितलं. माझी सहावीतली नेहा आमच्या जारचं घेऊन गेली. गावाला जार मीच पुरवतो. सायकलला दोन जार बांधून सुरुवात केली होती, आता पाणी शुद्ध करायची स्वतःची मशीन आहे. संध्याकाळी नेहा म्हणाली, "बाबा, आपलं पानी बी तव्यावर पांढरं झालं. बोअरच्यासारखंच."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी भरलेला जार खांद्यावर घेऊन मी शाळेत शिरलो.

"मॅडम, माहा धंदा बसवता का? लेकरांसमोर माह्यं पानी खराब म्हन्ता?"

"मी काईच म्हनलं नाही, भाऊ. हा चमचा घ्या. तुमीच टाका."

तवा मी स्वतः घासून घेतला. असल्या बाबतीत माझा कुणावर भरवसा नाही. पाणी टाकलं. ते आटेना. मॅडम निवांत लाकडं मागं ओढत होत्या आणि मला घाम फुटला होता. त्या वर्षी माझ्या आईचे पाय सुजले होते. किडनी थकली आहे, खारं पाणी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती फक्त माझ्याच जारचं पीत होती. आणि मशीनवाला दोनदा सांगून गेला होता, आतलं मीठ अडवणारं मेंब्रेन संपलं, बदला. "भाव कमी कर, नाहीतर अजून सहा महिने ओढतो," म्हणून मी त्याला परत लावलं होतं.

पाणी आटलं. पांढरा डाग उरला. नखानं खरवडून जिभेला लावला. खारट.

"आनखी एक डाव टाकू?" मी विचारलं.

"टाका न. ते काही बदलनार नाही."

तीनदा टाकलं. तीन डाग.

त्याच दिवशी मशीन बंद केली, मेंब्रेन बदललं, मागेल त्या भावात. आईची सूज उतरली, महिन्याभरानं पुन्हा चढली. पाण्याचा संबंध होता का, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. हिंमत होत नाही.

मॅडमवरचा राग मात्र धरून बसलो. वर्षभर बोललो नाही. बदली होऊन त्या निघाल्या, तेव्हा एसटीच्या थांब्यावर गाठलंच.

"साऱ्या वर्गासमोर माही इज्जत काढली तुमी. आधी मले एकट्याले बोलावून काऊन नाही सांगतलं?"

पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बोलावलं असतं, तर तुमी माह्यासंगंबी भाव करत बसले असते, भाऊ. तवर नेहाची आजी तेच पानी पेत राह्यली असती."

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीतून हात केला. गाडी हलेपर्यंत मी त्यांना तोडीस तोड उत्तर शोधत होतो. अजून सापडलेलं नाही, आणि खरा राग त्याचाच आहे.