मावशीनं विचारलेले प्रश्न

मावशी गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी इंदापूरला दहावीच्या वर्गात प्रजननसंस्थेचा धडा शिकवत होते. ‘घरी वाचून या’ असं न सांगता खरोखर शिकवत होते, आणि तेही तिच्यामुळेच. मुख्याध्यापकांच्या खोलीतून परत आले, धडा पुरा केला आणि मगच बारामतीची एसटी धरली. तिला हेच पटलं असतं.

पेपरातल्या छोट्याशा बातमीत ‘ज्येष्ठ समाजसेविका डॉ. यशोदा लोंढे’ असं छापून आलं. त्या शब्दाचा मला राग आला, अजून येतो. कळंबच्या ज्या वस्तीत आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, तिथली ही मुलगी पुण्यात डॉक्टर झाली आणि बारामतीत मार्केट यार्डाजवळ तिनं दवाखाना थाटला. बायका कंबरदुखी घेऊन यायच्या, अंगावरून जातंय म्हणायच्या, आणि त्यामागं दुसरीच तक्रार असायची. मावशी सासूला बाहेर बसवून दार लावून घ्यायची. लग्नाआधी तुला कुणी काय सांगितलं होतं? जवळ आल्यावर दुखतं का? तुला स्वतःला कधी हवंसं वाटतं का? नको म्हणता येतं का? प्रत्येकीला, तिची परवानगी घेऊन, हेच प्रश्न याच क्रमानं. नाव कुणाचंच लिहायचं नाही. वर्षानुवर्षं ती हे करत राहिली आणि उत्तरं एकमेकींशी ताडून पाहत राहिली. याला संशोधन म्हणतात. स्त्रीपुरुषांच्या संबंधांवर आपल्याकडं शहरातले डॉक्टरही कुजबुजत बोलायचे, त्या काळातलं संशोधन.

मी तिच्याकडं राहून कॉलेज करत होते तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांच्या एका परिषदेत तिनं ते मांडलं. मी मागं बसले होते. अध्यक्ष हसून म्हणाले, “बाई, हे शास्त्र नाही. बायकांच्या गप्पा आहेत या.”

“सर, खोकला किती दिवस आहे हे आपण पेशंटच्याच तोंडून ऐकतो,” मावशी म्हणाली. “ते शास्त्र. मग ही बाई आपलं दुखणं सांगते तेव्हा त्या गप्पा कशा?”

परिषदेनं तिचा निबंध छापला नाही. चहाच्या वेळी मात्र कुणीतरी आम्हाला ऐकू जाईल असं म्हणालं, “त्यांच्यात चालतं हे सगळं...” मावशीनं कप खाली ठेवला. परतीच्या एसटीत दौंड आल्यावर म्हणाली, “आता पुरुषांनाही विचारायचं. हेच प्रश्न.”

पण आधी पुरुषच तिला विचारायला आले. कळंबकडचे ऊसवाले, पाचसहा जण, आणि पुढं एक वयस्कर तात्या. “आमच्या बायकांना काय बाय इचारता तुमी? घरातलं चव्हाट्यावर आणता व्हय?”

मावशीनं खुर्ची पुढं सरकवली. “तुमालाबी इचारायचंच हाय, तात्या. बरं झालं आलात. बसा.”

तात्या उभेच राहिले. मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार स्वतः लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मावशीनं मला कधीच सांगितलं नाही. पुढच्या बाजाराला ते बायकोला घेऊन आले, एवढं मी पाहिलं.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली आणि तेच प्रश्न सगळ्यांना एकदम महत्त्वाचे वाटू लागले. बारामतीतल्या एका प्रशिक्षणात मुंबईहून आलेला तरुण पांढऱ्या केसांच्या मावशीला म्हणाला, “आजी, लाजू नका, मोकळेपणानं बोला.” मी चिडले. मावशी म्हणाली, “विचारतायत ना आता? मग झालं.”

मला नाही वाटत झालं असं. म्हणून कळंबच्या विहारात तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मी बोलायला उठले. तोवरची भाषणं ममता, सेवा, त्याग यांवर चालली होती. मी सांगितलं, माझी मावशी माणसाच्या लैंगिक जीवनाचा शास्त्रीय अभ्यास करत होती, आणि तो करणाऱ्या या भागातल्या पहिल्या माणसांपैकी ती होती. ‘लैंगिक’ म्हणताच पुढच्या रांगेतल्या माना खाली गेल्या. मी विचारलं, “तिनं ज्यांना प्रश्न विचारले, त्यांच्यापैकी इथं कुणी आहे का?”

प्रश्न विचारला की मावशी गप्प बसायची. समोरची कितीही अवघडली तरी तिच्या तोंडात शब्द घालायची नाही, खिडकीबाहेर बघत राहायची. मीही तशीच उभी राहिले.

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी भिंतीला धरून उठली. “मला इचारलं व्हतं तिनं,” ती म्हणाली. “तुला सोताला कधी हवंसं वाटतं का म्हणून. त्याच्या आधी आन् नंतर कुणीच इचारलं न्हाय.” पुढच्या रांगेतून कुणीतरी, “बसा आता, आजी,” म्हणालं.

“बसती,” म्हातारी म्हणाली, “पर माझं सांगून झालं की मग.”