माएस्त्राचं घर

मेलेशियो सुताराच्या तोंडी 'विद्यापीठ' हा शब्द कधी बसलाच नाही. शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ झालं, अकरा मजले चढले, लिफ्ट आली, म्हातारा आपला म्हणायचा, "माएस्त्राचं घर." का नाही म्हणणार? माएस्त्रा सोलेदाद, गावच्या मास्तरीणबाई, इलोइलोच्या नदीकाठी आपल्या बांबूच्या घरात मजुरांना शिकवायच्या, तेव्हा अठरा वर्षांचा हा घोडा तिथेच अक्षरं गिरवायला बसला होता. नदीला पूर आला, पाणी पायऱ्यांना लागलं, आणि गावाने अख्खं घर खांद्यावर उचलून वरच्या माळावर आणलं. माणसं कमी पडली. एका कोपऱ्याचा बांबू रिकामा राहिला, तर बाईंनी परकर खोचला आणि स्वतःचा खांदा लावला!

त्याच माळावर घराभोवती हे सगळं वाढलं. बाई गेल्या, घर राहिलं. त्याचं छप्पर मेलेशियोच शाकारायचा.

आता तिथे नवं ग्रंथालय येणार होतं. घर पाडायचं ठरलं, आणि म्हाताऱ्याचं अन्न तुटलं.

"लोलो, पाडायचं कशाला? उचलून नेऊ की!" नात जोनालिन आजोबाला म्हणाली. ती तिथेच नर्सिंग शिकत होती.

"उचलायला खांदे लागतात, बये! तुमच्या माना फोनात अडकलेल्या. दप्तर उचलताना कण्हता तुम्ही."

"बरं बाई, राहिलं," म्हणून ती गप्प बसली. तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं. ती पोर गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

परक्याच्या हातून पडण्यापेक्षा आपणच उतरवावं म्हणून म्हातारा सकाळी पहार घेऊन निघाला. फाटकातून आत शिरला आणि नाकात आल्याचा वास गेला. घरासमोर भल्यामोठ्या पातेल्यात कोंबडी घातलेली भाताची पेज रटरटत होती. तो पातेल्यापाशीच थबकला. घर पाडताना कुणी पेज शिजवत नाही. पेज शिजते ती घर उचलणाऱ्यांसाठी.

घराखाली आडवे-उभे बांबू बांधून तयार. आणि पोरं! पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाया, इंजिनियरिंगचे दांडगे, बाह्या सरसावलेले कुलगुरू. जोनालिन वर्गावर्गात फिरून सगळ्यांना घेऊन आली होती.

"लोलो, आवाज तुम्ही द्यायचा!"

"अरे गाढवांनो, मोडेल ते!"

"मोडलं तर सुतार आहेच की इथे!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. तरणेपणी ऐकलेली ती आरोळी त्याच्या छातीतून निघाली. "उचला रे!"

आणि घर उठलं. आई गं, काय ते दृश्य! छप्पर हललं, बांबू करकरले, आणि माएस्त्राचं घर जमीन सोडून शेकडो पायांनी चालू लागलं. मेलेशियोच्या अंगावर सरसरून काटा आला. पहार टाकून तो धावला, नेमका त्या कोपऱ्याकडे, जिथे बाईंनी खांदा लावला होता.

"सरक गं पोरी, मलाही लावू दे."

"कुठे सरकू, लोलो? तसूभर जागा नाही!"

खरंच नव्हती. खांद्याला खांदा घासत होता, उरलेली पोरं मागून नुसती हात टेकवून चालत होती. म्हातारा बाजूला झाला. डोळे घळाघळा वाहत होते, तो पुसतही नव्हता.

"माएस्त्रा," तो घराकडे बघून म्हणाला, "खांद्याला जागा नाही हो उरली!"