भिंतीवरून काढलेला दाखला

नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ फोनवर बोलताना धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्यामागची फ्रेम रिकामी का?" मी म्हणाले, काच पुसायला काढली आहे. ते खोटं होतं. त्या चौकटीत माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. तुमच्या आजोबांनी हौसेनं लावलेला. तो आता आमच्या वकिलाच्या फायलीत आहे. का, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. क्रमानं लिहिते, कारण आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं.

एक आधीच सांगून ठेवते. या हकिगतीत मी चांगली दिसत नाही.

कचेरीतली ती खोली लांबट होती. साहेबाच्या टेबलासमोर चार खुर्च्या. चारही रिकाम्या. आम्ही आत शिरलो तसा शिपाई म्हणाला, "खुर्चीवर नका बसू. दावावाला समदा खाले बसा."

माझ्या माहेरच्या डोंगरातले एकोणतीस जण खाली फरशीवर बसले. माझा धाकटा भाऊ रतन त्यांच्यातच. मी उभी राहिले. इस्त्रीची साडी, चष्मा, खांद्याला पर्स. लोणखेड्याला राहून बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. फरशीवर बसले असते तर गुडघे दुखले असते हे खरं. पण मला बसायचंच नव्हतं, हे जास्त खरं.

हे लोक डोंगराच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. ती जमीन कागदावर जंगलखात्याची. कायदा सांगतो, अमुक तारखेआधीची वहिवाट सिद्ध करा, हक्काचा कागद मिळेल. म्हाताऱ्या माणसांची जबानीसुद्धा पुरावा म्हणून चालते. कागद मिळाला नाही तर शेतातून बाहेर. त्या दिवशी त्याचीच सुनावणी होती. सगळ्यांच्या जबान्या मी लिहून दिल्या होत्या.

साहेबानं मान वर केली. माझ्या निम्म्या वयाचा होता. "तू कोण?"

मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. म्हणाले, मी निवृत्त शिक्षिका आहे. मी दावेदार नाही. मी यांच्यातली नाही, मदतीला आले आहे.

तो हसला. मराठीत म्हणाला, "पाद्र्यानं शिकवलं वाटतं. पोपट चांगला बोलतो."

मग माझ्या अक्षरातले कागद त्यानं पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. "एकोणतीस माणसं, एकच अक्षर, एकच वाक्य. मेंढरंसुद्धा वेगवेगळी ओरडतात. हे सगळं तूच लिहिलंस ना?"

"हो. पण—"

"हो म्हणालीस ना, झालं." त्यानं रतनला उभं केलं. "तू सांग. कधीपासून कसतोस?"

रतनला मी लिहिलेलं वाक्य माहीत होतं. मीच त्याच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं. 'आम्ही सदर जमीन पूर्वापार, अखंडपणे व शांततेने कसत आहोत.' तो 'सदर जमीन' म्हणाला आणि अडला. माझ्याकडं बघितलं.

साहेब म्हणाला, "तिच्याकडं काय बघतो? तिनं नीट पाठ करून घेतलं नाही का?"

खोलीतले कारकून हसले. शिपाई हसला. रतन खाली बसला.

मी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. बत्तीस वर्षं वर्गात बोलत आलेली बाई. इंग्रजी आलं, ते 'मी यांच्यातली नाही' म्हणण्यापुरतं. नंतर आलं नाही.

परतीच्या बसमध्ये रतन माझ्या शेजारी बसला नाही. मागं गेला. मी उतरताना तेवढं म्हणाला, "बाई, तू साहेबाला काय म्हणालीस ते मला कळलं."

त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

महिन्याभरानं निकाल आले. 'सबळ पुराव्याअभावी दावा अमान्य.' एकोणतीस कागद, सगळ्यांवर हेच. फक्त वरचं नाव वेगळं. मी ते कागद क्रमवार लावून टाचून ठेवले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. माहेरी जाणं बंद केलं.

दोन वर्षांनी रुबिना माझ्या दारात आली. लोणखेड्यातल्या शिंप्याची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, आता वकील. तिनं पिशवीतून आमच्या गावासह पाच गावांचे निकाल काढून माझ्या पलंगावर मांडले. दूरदूरची गावं, काही तर नर्मदेकडची. सगळीकडं तेच एक वाक्य.

"मॅडम, तुमच्या लोकांची वाक्यं सारखी निघाली म्हणून ते खोटे ठरले," ती म्हणाली. "मग यांची वाक्यं सारखी निघाली, त्याचं काय?"

माझ्या घरात ते कागद दोन वर्षं होते. मी टाचले होते. वाचले नव्हते.

एकेका शेतासाठी भांडत बसलो तर आयुष्य जाईल, असं तिचं म्हणणं होतं. माणसाला न ऐकता एका ठरावीक ओळीनं नाकारण्याची ही रीतच कोर्टात पाडायची. पण हे ठरवणार गाव, ती नव्हे. म्हणून तिनं मला बरोबर नेलं, बोलीत सांगायला.

शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. रुबिना अर्जाचा मसुदा मराठीतून वाचायची, मी आमच्या बोलीत सांगायची. अर्धे शब्द माझ्या जिभेवर येईनात. जेमाकाकी, आमच्या गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, मोठ्यानं म्हणाली, "इंग्रजी खाऊन खाऊन हिची जीभ सुजली." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसणंही मला लागलं. पण कचेरीतल्या हसण्यासारखं नाही लागलं.

मग काकी रुबिनाकडं वळली. "वकील याआधीही आले, पोरी. अंगठे घेऊन गेले. तू काय घेऊन जाणार?"

"आज काहीच नाही," रुबिना म्हणाली. "आज फक्त वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांगा."

"मग ते मघाचं परत वाच. आम्ही जंगलात शिरलो, असं काहीतरी होतं."

मसुद्यात 'अतिक्रमणधारक' असा शब्द होता. कोर्टात तोच चालतो, असं रुबिना सांगू लागली. काकीनं तिला पुरं बोलू दिलं नाही. "शिरतो तो चोर. आम्ही तिथंच होतो. काढ ते."

रुबिनानं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर तो शब्द खोडला. त्यानंतर तीन बैठका झाल्या, तेव्हा कुठं अर्जाखाली पहिला अंगठा लागला.

एक गोष्ट मात्र अडली. रुबिना माझ्या घरी येऊन म्हणाली, "समोरचा वकील म्हणणार, या जबान्या शिकवलेल्या आहेत. त्याच्याआधी आपणच सांगायला हवं. मॅडम, तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. लोकांनी जे सांगितलं ते तुम्ही बदललंत, असं."

"मी खोटं लिहिलेलं नाही."

"खोटं नाही. पण त्यांचंही नाही." मग ती अहिराणीत बोलली. शाळेत असताना वर्गात अहिराणी बोलली म्हणून मी तिला बाकावर उभं केलं होतं. "मॅडम, तुमनं अक्षर इतलं चांगलं शे ना, तेनीच घात कया."

मी तिला जायला सांगितलं. चहासुद्धा दिला नाही. माझ्याच विद्यार्थिनीनं, माझ्याच घरात, माझी चूक दाखवावी. आणि ती मी शपथेवर कबूल करावी. ज्या कोर्टात माझे जुने विद्यार्थी वकील, कारकून म्हणून बसतात तिथं. जमणार नाही.

आठ दिवसांनी रतनचा निरोप आला. छातीचा आजार बळावला होता. चार पावलं चालला की त्याला बसावं लागे. तरी तो मला टेकडीवरच्या शेतात घेऊन गेला. महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली आम्ही बसलो. मी पर्समधून वही काढली.

"लिहू नको," तो म्हणाला. "आधी ऐक. मागच्या वेळी तू ऐकलं नव्हतंस."

तो बोलला ते आमच्या बोलीत. इथं मराठीत देते, कारण ती बोली मी तुमच्या बापाला शिकवली नाही आणि त्यामुळं तुमच्यापर्यंत ती आली नाही. तोही माझाच हिशेब.

"ज्या वर्षी बाई शाळेत गेली," रतन म्हणाला (बाई म्हणजे मी, माहेरी सगळे मला तसंच म्हणतात), "त्या वर्षी बानं ही टेकडी फोडली. मिशनच्या वसतिगृहात पोरामागं धान्य द्यावं लागायचं. खालच्या शेतात घरापुरतंच पिकायचं. म्हणून बा वर चढला. मी दगड वेचले. दुसरं पोर शाळेत घालण्याइतकं धान्य नव्हतं. मग मी बैलामागंच राहिलो. ही टेकडी फोडताना बानं एवढा एकच महू ठेवला. म्हणाला, हा बाईच्या वाट्याचा. याची फुलं वेचली की पहिली टोपली बाईच्या नावानं वेगळी काढतात. अजून काढतात. कुणालाही विचार, हा महू कुणाचा."

आमच्याकडं झाडाला धनी असतो. कोणता महू कुणाचा, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. शेजारच्या शेतात बाया निंदत होत्या. मी हाक मारून विचारलं, "हा महू कुणाचा?"

एकीनं मान वर न करताच सांगितलं, "बाईचा." मग कोण विचारतंय हे बघून तिनं पदर डोक्यावर ओढला.

नातवंडांनो, हे सगळं रतननं मला पहिल्या वेळीही सांगितलं होतं. शब्दन्‌शब्द. तेव्हा मी ते खोडलं होतं. समासात 'अप्रस्तुत' असं लिहिलं होतं, निबंधाच्या वहीत लिहायची तसं. जेमाकाकीनं तिच्या बाळाच्या कबरीवरचा दगड सांगितला होता, तोही खोडला. कुणी विहीर सांगितली, कुणी वाघानं गाय मारली ती जागा. सगळं काढून टाकलं आणि 'पूर्वापार, अखंडपणे व शांततेने' लिहिलं. जाऊन बघता येईल, हात लावता येईल, अशी एकूण एक गोष्ट मी माझ्या हातानं पुसली. साहेबानं त्यांना मेंढरं म्हटलं. पण मेंढरांसारखं लिहिलं होतं मी.

आणि माझं इंग्रजी. ते या टेकडीतून पिकलेलं. त्याच इंग्रजीत मी म्हणाले होते, मी यांच्यातली नाही.

मी रतनची माफी मागितली नाही. तो म्हणाला, "तुझ्या शाळेच्या दाखल्यावर तू कधी शाळेत गेलीस ते लिहिलेलं असेल ना?"

होतं. दाखल तारीख, शाईत, मिशनच्या शिक्क्याखाली. कायद्यात जी तारीख आहे तिच्या कितीतरी आधीची. जो पुरावा नाही म्हणून माझा भाऊ कचेरीत उभा केला गेला, तो इतकी वर्षं माझ्या भिंतीवर काचेखाली होता. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी मी चौकट उतरवली आणि दाखला घेऊन रुबिनाकडं गेले. प्रतिज्ञापत्रात तिनं लिहिलं होतं, 'अनवधानाने बदल झाले.' मी म्हणाले, "अनवधानानं नाही. त्यांचं बोलणं मला कमी दर्जाचं वाटलं म्हणून मी बदललं. असं लिही." तिनं माझ्याकडं बघितलं. लिहिलं. मी सही केली.

कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं. मी मागच्या बाकावर होते. माझा एक जुना विद्यार्थी समोरच्या बाजूला बसला होता. त्यानं वळून बघितलं. मीही बघितलं.

निकाल यायच्या आधी, पेरणी झाल्यावर, रतन गेला. बाच्या शेजारी, शेताच्या बांधाला त्याला पुरलं.

कोर्टानं पाचही गावांचे नकार रद्द केले. प्रत्येकाला पुन्हा ऐका, शेतावर जाऊन बघा, नाकारायचं असेल तर प्रत्येकाचं कारण वेगळं लिहा, तोवर कुणाला हलवू नका. जमीन मिळाली असं नाही. ऐकून घेण्याचा हुकूम मिळाला. तेवढाच.

गेल्या महिन्यात त्याच लांबट खोलीत फेरसुनावणी झाली. साहेब नवा, सौम्य बोलणारा. खुर्च्या त्याच चार. गावकरी फरशीवर. मला बघून तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. वर बसा ना."

मी जेमाकाकीशेजारी फरशीवर बसले. गुडघे कडाडले. काकी पुटपुटली, "बघ, बसता येतं."

साक्षीदार म्हणून माझं नाव पुकारलं. साहेब म्हणाला, "मराठीत सांगा, म्हणजे वेळ वाचेल."

"मराठी येतं. इंग्रजीही येतं," मी म्हणाले. "जबानी माझ्या बोलीत देणार. दुभाषी बोलवा. तो येईपर्यंत आम्ही बसतो. आणि मी जे बोलेन तेच लिहा, चांगलं करून लिहू नका."

दुभाषी यायला दुपार झाली. कुणी उठलं नाही. मग मी बोलले. अडखळत, सुजलेल्या जिभेनं. पहिलं वाक्य मी खोडलेलंच होतं: ज्या वर्षी मी शाळेत गेले, त्या वर्षी आमच्या बानं ही टेकडी फोडली.

निर्णय अजून आलेला नाही. पुन्हा नाकारतील, असंही होईल. तसं झालं तर पुन्हा कोर्टात जायचं, हे गावानं ठरवलं आहे. मी जाणार. मी नसेन तेव्हाही तुम्ही तो दाखला परत मागू नका. रिकामी चौकट तशीच राहू द्या. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तुम्ही कुठले, तर लोणखेडा सांगू नका. टेकडी सांगा.

बाईचा महू उभा आहे. या वर्षीची पहिली टोपली माझ्या घरी पोचली. टेकडीवर रतनच्या सुनेनं ज्वारी पेरली आहे, आणि ती गुडघ्याएवढी झाली आहे.