कारंज्याची पाणपोई

मी जात्याच तापट. आई म्हणायची, चुलीत लाकूड नसलं तरी चालेल, या पोरीच्या कपाळावर भाकर भाजून निघेल. त्यामुळे आमच्या तरुण मंडळाने कारंज्याला जाऊन पाणपोई मांडायचं ठरवलं आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी 'नाही' म्हटलं, तेव्हा भांडायला सगळ्यात आधी मीच उभी राहिले.

आम्ही वाशीमला मिशनच्या आवारात राहायचो. इंग्रजांचं राज्य होतं, जर्मनीशी दुसरी लढाई अजून लागायची होती. मी सतरा-अठरा वर्षांची, शाळेत लहान पोरांना बाराखडी शिकवत होते. मंडळात आम्ही दहा-बारा जण. तोवर आमची सेवा म्हणजे जवळच्या खेड्यांत जायचं, ढोलकीवर भजनं म्हणायची, खरजेचं मलम वाटायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. मला त्याचा कंटाळा आला होता. शहरात जाऊ या, असं मीच म्हणाले. आमच्यासाठी शहर म्हणजे कारंजा. केवढा तो कापसाचा बाजार, केवढी शेटलोकांची घरं, जैनांची देवळं! चैत्रात तिथं सरकी काढायच्या जीनसमोर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची ही लांब रांग लागायची. माल तोलून होईपर्यंत गाडीवाल्याला बंडी सोडून हलता यायचं नाही. डोक्यावर ऊन नुसतं ओतायचं. त्यांना पाणी पाजावं, यात वावगं काय होतं?

"तहानलेल्याले पाणी द्यावं, हे मले शिकवू नका," पाळकसाहेब म्हणाले. ते रागावले की त्यांची शुद्ध भाषा सुटायची आणि त्यांच्या किन्हीराजा गावाकडची बोली वर यायची. "पण कोणी घेतलं तर पाहिजे ना!"

मग त्यांनी आम्हाला सांगितलं. बाप्तिस्मा होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका आठवडी बाजारात त्यांनी घागर घेऊन पाणी वाटायला सुरुवात केली. एका माणसाने ओंजळ पुढे केली, यांनी पाणी ओतलं. तेवढ्यात कोणी तरी हाक मारून त्याला यांची जात सांगितली. त्या माणसाने तोंडातलं पाणी यांच्या पायावर थुंकलं आणि भर बाजारात चूळ भरायला दुसरीकडे गेला. त्यानंतर पाळकसाहेबांनी ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या कोणालाही आपल्या हाताने पाणी दिलं नाही. आमच्यातले बहुतेक जण तसल्याच घरांतून आलेले. गावच्या विहिरीवर चढायची आम्हाला बंदी होती. देव बदलला, पण विहिरीला ते कुठं ठाऊक?

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! "तुमच्यावर थुंकला तो एक माणूस होता, पाळकसाहेब. बाकीचं सगळं जग त्याचंच आहे का?"

 पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मी तुमच्यासोबत येतो. रविवारच्या आत एका जरी गाडीवाल्याने तुमच्या हातचं पाणी घेतलं, तर मंडळ पुढेही शहरात जाईल. नाही घेतलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. माझ्या पोरांची तोंडं पडलेली मला बघवणार नाहीत."

आम्ही दोन बंड्या करून निघालो. मंगरूळपीरपर्यंत आमचा ढोलकीवाला थांबलाच नाही. तो पेशाने सुतार, हात असे दणदणीत की बैलांनासुद्धा चाल धरावी लागत होती. मुली एका बंडीत, मुलं दुसरीत, आणि मध्ये पडदा नसला तरी पाळकसाहेबांची काळी छत्री होती. ते मागच्या बंडीत पुढे बसून वाट बघत होते आमच्या गाण्यांत काही वावगं येतं का याची. एकदा आलंही. शिमग्याचं एक गाणं आम्ही भजनाच्या चालीवर ओढून म्हटलं. छत्री वळली. आम्ही पटकन पुढचं कडवं स्तोत्राचं धरलं. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

कारंज्यात आमची सोय एका विधवा मुसलमान बाईच्या अंगणात झाली होती. तिचा नवरा हयात असताना टांगे चालवायचा. तबेला रिकामा झाला होता, पण अंगणातली विहीर भरलेली होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. पाणपोईचं ऐकल्यावर ती म्हणाली, "पानी लेव, जितना चाहिये उतना लेव. पन रस्सी तुमारी लाना." पहिला पेला तिनेच आमच्या हातून घेतला. मोहल्ल्यातल्या पोराटोरांनीही घेतला. मी पाळकसाहेबांकडे जिंकल्यासारखं पाहिलं. ते म्हणाले, "खालाच्या विहिरीचं खालाने प्यायलं. मी गाडीवाल्यांचं बोललो होतो."

दुसऱ्या दिवशी जीनसमोरच्या कडुलिंबाखाली आम्ही तीन रांजण मांडले. वाळूत रोवले, ओली फडकी गुंडाळली, पाण्यात वाळा टाकला. वास असा सुटला की आमचीच जीभ कोरडी पडावी. आणि वर टांगली पाटी. पाटी मी रंगवली होती, दोन संध्याकाळी खपून: 'थंड पाणी. ख्रिस्ती तरुण मंडळ.'

त्या पाटीनेच घात केला. वाचता येणारा वाचायचा, न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि दोघंही मागच्या मागे वळायचे. भांडण नाही, शिवी नाही. "राहू द्या बाई," इतकंच. दुपारपर्यंत एक थेंब खपला नाही. आम्हीच पीत होतो.

"पाटी काढू या का?" सुतार हळूच म्हणाला.

"कायले?" मी फिस्कारले. "चोरून पाणी पाजायचं?"

माझ्या या बाणेदारपणाची परीक्षा लगेच झाली. एक दमलेला गाडीवाला पाटीकडे न बघता सरळ आला आणि ओंजळ धरून वाकला. माझ्या हातात तांब्या. ओतला असता तर पैज तिथंच जिंकली असती. सुताराने डोळ्यांनी खुणावलं, ओत, ओत! मला पाळकसाहेबांच्या पायावरचं ते थुंकलेलं पाणी आठवलं. मी खेकसले, "आम्ही ख्रिस्ती आहोत, हां! आधीच सांगते!" बिचारा दचकला. ओंजळ सोडली, धोतराला हात पुसले आणि गेला. सुताराने कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय, सांगायचं होतं तर निदान गोड तरी सांगायचं!"

पाळकसाहेब लिंबाच्या बुंध्याशी छत्री घेऊन बसले होते. त्यांनी नुसती छत्री दुसरीकडे वळवली. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

शनिवार उजाडला. तीच रांग, तेच ऊन, तेच "राहू द्या बाई". दुपार कलली तसा माझा राग नाकातोंडातून वाहू लागला. शेवटी मी बादलीभर पाणी उचललं आणि "घ्या! मातीलाच पिऊ द्या!" म्हणून रस्त्यावर फेकून दिलं.

समोर धनज गावच्या एका शेतकऱ्याची बंडी उभी होती. पाण्याचा वास लागला तसा त्याचा पांढरा बैल जुवासकट पुढे घुसला आणि चिखलात तोंड घालून चाटायला लागला. जोडीचा बैल ओढला गेला, बंडी तिरपी झाली, वरून कापसाचं बोचकं आमच्या रांजणावर आदळलं. एक रांजण गेला! शेतकरी कासरा ओढतोय, सुतार जू धरून लोंबकळतोय, मुली किंचाळताहेत, आणि बैल आपला चिखल चाटतोय.

"अबे, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही त्याले," शेतकरी रडकुंडीला येऊन म्हणाला. "हौद पार त्या टोकाले हाय. रांग सोडली का नंबर जाते. काय करू मी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाण्यावाचून तिथं दोनशे पायांवर उभी असलेली जनावरं आम्हाला दोन दिवस दिसलीच नव्हती! माणसांकडेच बघत बसलो होतो. मी ओरडले, "घासलेटचे डबे आणा!" खालाच्या तबेल्यात वरून कापलेले रिकामे डबे पडले होते. मुलं पळाली, डबे भरून आणले, बैलासमोर ठेवले.

बैलाने वास घेतला, फुर्रर्र केलं आणि तोंड फिरवलं. डब्याला घासलेटचा वास. पुन्हा धुतला, राखेने घासला, पुन्हा भरला. तो काही तोंड लावेना. अनोळखी माणसं, अनोळखी डबा, मागे जीनची धडधड. तहानेने जीभ बाहेर आली होती, पण पीत नव्हता. "घे रे राजा, घे," शेतकरी गयावया करत होता. ओठ त्याचेही इतके सुकले होते की त्याला धड बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या मागून शीळ आली.

बारीक, लांब, एकाच सुरातली. शेतावर बैल पाण्यावर नेला की घालतात ना, ती. मी वळून पाहिलं तर पाळकसाहेब! छत्री खाली पडलेली, काळा कोट लिंबाच्या फांदीला, सदऱ्याच्या बाह्या वर. रविवारी उपासनेत कोणी खोकलं तरी भुवई चढवणारे आमचे पाळकसाहेब ओठांचा चंबू करून शीळ घालत बैलाकडे चालले होते. त्यांनी त्याच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवली, डब्यातलं पाणी ओंजळीने त्याच्या नाकपुडीला लावलं, आणि शीळ चालूच. बैलाचे कान हलले. मान खाली गेली. आणि मग तो प्यायला लागला. काय प्यायला! डबा असा घटाघटा रिकामा होत होता की मला आनंदाने रडायला आलं.

"मायबाई! पादरी शीळ घालून राह्यला!" रांगेत कोणी तरी ओरडलं, आणि हशा पिकला. पाळकसाहेबांना त्याचं भानच नव्हतं. लहानपणी त्यांनी दुसऱ्याची गुरं राखली होती, एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं. पण ती शीळ अजून त्यांच्या तोंडात जिवंत असेल, हे कोणाला वाटलं असतं?

मग काय विचारता! या बंडीवरून हाक, त्या बंडीवरून हाक. "ओ पादरीबुवा, इकडं या!" "ओ बाई, आमच्या ढवळ्याले बी!" खालाच्या विहिरीवर रहाट थांबेना. खाला स्वतः पदर खोचून दोर ओढायला उभी राहिली आणि आमच्या मुलांना शिव्या घालून पळवू लागली. आम्ही बैलांना पाजलं, त्यांच्या पाठीवर पाणी ओतलं, खांदे पुसले. एका बैलाने सुताराची टोपी खाल्ली. मी नखशिखांत चिखलाने भरले होते आणि इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच झाले असेन. शिळा घालायला सगळेच शिकले. मुलीसुद्धा! वाशीमला आम्ही शीळ घातली असती तर आयांनी तोंडं फोडली असती.

ऊन उतरायला लागलं. बैल तृप्त होऊन रवंथ करत उभे राहिले. माणसं मात्र तशीच. मी पाटीकडे पाहिलं, उद्या रविवार. बैल मोजायचे ठरले नव्हते. आता भांडायचं तरी कोणाशी? पाळकसाहेब ओल्या सदऱ्याने शेवटचा डबा उपडा करत होते.

तो धनजचा शेतकरी आपल्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. मग आला. माझ्याकडे नाही, सरळ पाळकसाहेबांकडे. त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि ओंजळ पुढे केली.

पाळकसाहेब मागे सरकले. "दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला, "पाटी वाचली ना तुम्ही? मी पहिले कोण होतो, थेही सांगतो..."

"वाचून दाखोली मले काल," शेतकरी म्हणाला. "माह्या बैलानं नाही इचारलं तुमाले काही. मी कायले इचारू? पाजा मले. पण शीळ नका घालू बाप्पा, मी बैल नोहो."

मी धावत तांब्या भरून पाळकसाहेबांच्या हातात दिला. पहिली धार त्याच्या छातीवर गेली, दुसरी गुडघ्यावर. "अजी, पाजून राह्यले का आंघोळ घालून राह्यले?" तो हसला. मग धार ओंजळीत पडली. तो पीत होता, हे ओतत होते. तांब्या संपला, मी दुसरा दिला. तो संपला, तिसरा दिला. पाळकसाहेबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेतकऱ्याने एकदा वर पाहिलं. त्याची तहान कधीच भागली होती, मला स्पष्ट दिसत होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्याने ओंजळ काही काढली नाही. पीतच राहिला.

शेवटी त्याला ठसका लागला. "आता बस करा बाप्पा," पोटावर हात ठेवून तो म्हणाला, "जागा नाही राह्यली."

"मंग सरक ना बाजूले!" त्याच्या मागून एक गाडीवाला ओरडला. "आमी काय तुहं तोंड पाहाले उभे हाओ इथं?"